माझ्याकडे चार्जर आहे, पण फोनचा

डेट्रॉइटला राहतो म्हटल्यावर दर ऑगस्टला वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, बघायला जाणं आलंच. आणि दरवर्षी बॉनेट उघडून, घडीची खुर्ची टाकून बसलेले कुणीतरी आजोबा विचारतातच, "तुम्ही हल्लीची पोरं अशा गाड्या का घेत नाही?"

अहो, घेऊ कशाने? १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली तेव्हा २,३६८ डॉलरपासून मिळायची. तरुणांना परवडावी म्हणूनच काढलेली! आता तळ गंजून खालचा रस्ता दिसणाऱ्या सांगाड्यालाही लोक हजारोंत किंमत सांगतात, वर 'घासाघीस करू नये' ही तंबी. विमावाल्याचं वेगळंच. वय २५ च्या आत? मग रोजची दुसरी गाडी दाखवा, कुलूपबंद गॅरेज दाखवा. गॅरेज! इथे तिघांत मिळून एक फ्लॅट आहे, त्यात माझी सायकल बाल्कनीत उभी.

आजोबांची गाडी १९६९ ची डॉज चार्जर, केशरी. (काय दिसते हो! जाऊ दे.) "मी उन्हाळाभर पंपावर काम करून घेतली होती," म्हणाले. मीही उन्हाळाभर राबलो की. त्यातून चार टायर तरी येतील का, कुणास ठाऊक.