३५ मे रोजी काय लिहू नये

समजा, उद्या सकाळी तुम्हाला जाग आली ती थेट चीनमधल्या चेंगडू शहरात. उशाशी चिनी फोन, फोनमध्ये वेइबो आणि वीचॅट (तिकडचे ट्विटर आणि व्हॉट्सॲप म्हणा), आणि बोटांना तीच जुनी खाज. घाबरू नका. चीनच्या राज्यघटनेच्या कलम ३५ नं तुम्हाला भाषणस्वातंत्र्य दिलेलं आहे, चांगलं छापील. ते वापरण्याआधी थोडी पथ्यं तेवढी सांभाळायची, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात कॅलेंडरपासून. मे महिना ३१ दिवसांचा, हे आपण लहानपणी मूठ वळून हाडांवर मोजत शिकलो. तिकडे काही लोक तो ३५ पर्यंत मोजत. कारण ३१ च्या पुढे चार घरं गेलं की ४ जून येतो, आणि १९८९ च्या त्या तारखेला बीजिंगच्या तिआनआनमेन चौकाभोवती लोकशाही मागणाऱ्या निदर्शकांवर लष्करानं रणगाडे आणून काय केलं, हे बोलायचं नसतं. ४ जूनवर बंदी आली, लोक ३५ मे लिहू लागले. तोही बंद झाला, तेव्हा आठाचा वर्ग निघाला. आठ आठे चौसष्ट, म्हणजे सहावा महिना, चौथा दिवस. तेव्हा मुलांकडून पाढे म्हणवून घेताना खिडकी लावून घ्या. मेणबत्तीचं इमोजीही या दिवसांत वेइबोवरून गायब झालेलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस असेल तर नुसता केक पाठवा. (केकचंही बघू, जरा पुढे.)

शेअर बाजाराशी मात्र जपून. २०१२ च्या ४ जूनला शांघायचा निर्देशांक नेमका ६४.८९ अंकांनी पडला. आता आकड्यालाच खोडी सुचली तर बापडे अधिकारी काय करणार? त्यांनी वेइबोवर 'शांघाय निर्देशांक' शोधणंच बंद केलं. त्या दिवशी पैसे बुडाले असतील तर मुकाट बुडू द्यावेत, किती बुडाले ते विचारू नये.

कोट्या करायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या. चिनी ही कोटीबाजांची पंढरी आहे, सूर जरा हलला की शब्द पालटतो. तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी 'सुसंवादी समाजा'ची घोषणा दिली. तेव्हापासून कुणाची पोस्ट उडाली की तो म्हणे, "माझी पोस्ट सुसंवादी झाली." मग 'सुसंवादी'वरही नजर गेली, तेव्हा लोकांनी जवळपास त्याच उच्चाराचा 'नदीतला खेकडा' धरून आणला. आपल्याकडच्या गोष्टीत खेकडे एकमेकांना टोपलीत खाली ओढतात. तिकडे एकच खेकडा सगळ्यांना पुरून उरला. शेवटी २०२४ मध्ये सरकारनं अशा उच्चारांच्या खेळांविरुद्ध रीतसर मोहीम काढली. सरकार विनोदाची इतकी कदर करतं, आणि तरी लोक म्हणतात तिथे विनोदबुद्धी नाही.

मग काहीच लिहू नये का? तोही मार्ग लोकांनी चोखाळून पाहिला. २०२२ च्या नोव्हेंबरात उरुमचीत कोविडच्या टाळेबंदीतल्या एका इमारतीला आग लागली, दहा माणसं गेली, आणि अनेक शहरांत लोक ए-फोरचे कोरे कागद हातात धरून उभे राहिले. कोऱ्या कागदात खोडायला काहीच नसल्यानं कागदाचे फोटोच काढून टाकावे लागले. बीजिंगमध्ये टाळेबंदीविरुद्ध घोषणा देऊ नका असं बजावल्यावर जमाव ओरडू लागला, आम्हाला टाळेबंदी हवी, आमची कोविड चाचणी करा! म्हणून सांगतो, होकारही बेतानंच द्या.

लिहिण्यावाचून अगदीच राहवत नसेल, तर वाईट लिहा. २०१३ पासूनचा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा नियम असा: बदनामीकारक ठरलेली पोस्ट ५,००० वेळा पाहिली गेली किंवा ५०० वेळा पुढे पाठवली गेली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. वाचक नसलेल्या लेखकाला इतकं संरक्षण जगात दुसऱ्या कुठल्या कायद्यानं दिलं असेल असं मला वाटत नाही. ४९९ शेअर झाले की आईला फोन करून सांगा, "आता पुरे, तू नको पाठवूस."

बाहेरची संकेतस्थळं अडवणारी सरकारी इंटरनेटची भिंत ओलांडायचा मोह होईल. व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारी इंटरनेटची चोरवाट, लावून बाहेर डोकावण्याला तिथे 'भिंतीवरून उडी मारणं' म्हणतात. बाहेर गूगल आहे, यूट्यूब आहे, विकिपीडिया आहे. विकिपीडिया तर २०१९ पासून सगळ्याच भाषांतला बंद, मराठीसुद्धा. (मराठी विकिपीडियाची कुणाला एवढी धास्ती वाटावी, या विचारानं माझी छाती क्षणभर फुगली होती.) या भिंतीचे जनक मानले जाणारे फांग बिनशिंग २०१६ मध्ये हार्बिनच्या विद्यापीठात व्याख्यान देत होते. त्यांना दक्षिण कोरियातलं एक संकेतस्थळ दाखवायचं होतं. भिंत आड आली, तेव्हा त्यांनी भर सभेत व्हीपीएन लावला. उडी मारायचीच असेल तर आधी भिंत बांधून ठेवा.

आता केक. २०२२ च्या ३ जूनला लिपस्टिक विकण्यात हातखंडा असलेला ली जियाची हा तरुण विक्रेता थेट प्रक्षेपणात आइस्क्रीमचा केक दाखवत होता. केकच्या दोन्ही बाजूंना गोल बिस्किटं, वर एक काडी. दुरून पाहिलं तर रणगाडाच. प्रक्षेपण तुटलं आणि ली सप्टेंबरपर्यंत दिसलाच नाही. त्याच्या कोट्यवधी चाहत्यांत १९८९ नंतर जन्मलेली पोरं खूप. केकमध्ये काय वावगं होतं, हे ती एकमेकांना विचारत सुटली आणि काहींना उत्तरही सापडलं. काय बोलायचं नाही हे ठाऊक असल्याशिवाय ते टाळता येत नाही. आणि ते ठाऊक असणंच तर नको आहे. या पेचात एकटा ली अडकलेला नाही.

यावर एकच खात्रीचा उपाय मला माहीत आहे: नोकरी धरा. चेंगडूतच मजकूर तपासून उडवणाऱ्या कंपन्या आहेत आणि तिथे तरुणांची भरती होते. त्यांना १९८९ मध्ये काय झालं याचा पत्ताच नसतो, मग ती उडवणार काय? म्हणून कंपनी त्यांना रीतसर शिकवते: कोणती तारीख, कोणता चौक, कोणता फोटो. शिकवणी फुकट, वर पगार. अर्जात फक्त 'इतिहासाची आवड आहे' असं लिहू नका.