तुमचं किती?

आज सकाळी एसटीच्या एका निवृत्त कंट्रोलरने मला मागे टाकलं. तेही गुडघ्याने.

माझा उजवा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर. पन्नाशी, मधुमेह आणि त्यात बाई, म्हणजे तीनही अटी मी पूर्ण करते. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं, सुती ब्लाउज पहिल्या धुण्यात आटतो तसं. आपोआप सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात म्हणे. मी थांबायला तयार होते. पण नवऱ्याने चार दिवस माझा अंबाडा घातला आणि पाचव्या दिवशी स्वतःच फिजिओची वेळ घेऊन आला.

फिजिओ म्हणजे मालीश, असं मला वाटायचं. तिथली मुलगी माझ्या लेकीहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, शेक आणि मशीन फक्त दुखणं कमी करायला. काम तुम्हीच करायचंय." म्हणजे पैसे मी द्यायचे आणि कामही मीच करायचं. वाकून हात लोलकासारखा झुलवायचा, भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवायची, पाठीमागे टॉवेल ओढायचा. शेवटी ती हात धरून वर नेते आणि विचारते, "दुखतंय की ओढल्यासारखं वाटतंय?" ओढलेलं चालतं, दुखलेलं नाही. मी दोन्हीला "आई गं" म्हणते.

आणि हे सगळं काका ऐकतात. शेजारच्या खाटेवर, हिरव्या पडद्यापलीकडे. वय ७८, गुडघा नवा, आवाज स्टँडवरचा.

ती मुलगी गोनिओमीटर नावाच्या पट्टीने रोज कोन मोजते. पहिल्या दिवशी माझा हात ९५ अंशांवर अडला. पडदा हलला.

"तुमचं किती?"

"पंच्याण्णव."

"माझं अठ्ठ्याण्णव!"

अहो, तुमचा गुडघा, माझा खांदा! माझा पेपर १८० चा, तुमचा १३५ चा. पण दहावीचे टक्के सांगावेत तसे ते रोज आकडा सांगतात. वर मोजणीही त्यांचीच. ती म्हणते "दहापर्यंत धरा", की पडद्यामागून "एक... दोन..." सुरू, फलाटावर गाडी लागल्याच्या चालीत. सातवर हमखास खोकला येतो. पुन्हा पाचपासून. माझा हात तेवढा वेळ हवेत.

परवा मात्र ते म्हणाले, "आमच्या वेळच्या बायका जात्यावर दळायच्या. कुणाचा खांदा आखडला नाही."

मी गप्प बसले, कारण तोंडात "आई गं" होतं. घरी येऊन मात्र आजी आठवली. ती शेवटची काही वर्षं आम्हा नातींकडून वेणी घालून घ्यायची. आम्हाला वाटायचं, लाड करून घेतेय. हात पोचत नसेल, हे आता कळतंय. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पोलिओच्या साथींच्या काळात, १९५२ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम.मध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आमच्या गावात मात्र आजी होती तोवर निरगुडीचा पाला आणि "कामाने जाईल" एवढेच दोन उपचार होते. दुसरा अजून चालू आहे. "भांडी घासा, सगळा व्यायाम होतो," हे मला आतापर्यंत तिघांनी सांगितलंय. तिघांच्याही घरी भांड्यांना बाई आहे. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात, भरती झाला असतात तर बघितलं असतं. खांदा आखडला म्हणून भरती कुठे होऊ?

असो. तीन आठवड्यांत मी ११२ वर आले. हूक अजून लागत नाही, पण कंगवा डोक्याच्या मध्यापर्यंत जातो. आज मोठ्या तोऱ्यात मीच विचारलं, "काका, तुमचं किती?"

"एकशे पंधरा," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा काढला. सगळ्यांना वाटले. माझा पेढा त्यांनी काठी टेकत जाऊन भिंतीवरच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला. "घ्या, काकू. सावकाश."

मला काकू? यांच्याहून मी पंचवीस वर्षांनी लहान!

बोटं चढवत गेले. चार पायऱ्या उरल्या. ती मुलगी दुसऱ्या पेशंटकडे वळल्याचं बघून मी हळूच दुसरा हात वर केला.

"डावा चालणार नाही," पडद्यामागून आवाज आला.