हबवर वही असते का हो?

आज दुपारी दीडला बेल वाजली. भुसावळचा मे महिना, अशा वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दार उघडलं तर आपला नेहमीचा पार्सलवाला. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, उजव्या काखेत माझ्या सुनेचा खोका. खाली गाडीवर त्याचा धाकटा भाऊ. भाऊ गाडी चालवतो, हा जिने चढतो. ॲपवरचा कामाचा आयडी याच्या नावावर आहे ना.

"अरे, हे काय?"

"काही नाही ताई, पडलो जरासा."

जरासा! मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडलीत.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले भाऊ डोकावले. "ही पोरं गाडी चालवतात का उडवतात? पडणारच." झालं, दार लावून परत कूलरपुढे. पोरगा समोर उभा होता म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते.

माझे वडील, नाना, रेल्वेच्या लोको शेडला होते, इंजिनांच्या दुरुस्तीवर. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांचे वडील नाहीतर सासरे रेल्वेतच होते, त्यामुळे शेडबद्दल जास्त सांगत बसत नाही. मी शाळेत असताना नानांची दोन बोटं वजन उचलायच्या चेन ब्लॉकच्या साखळीत आली. हातमोजे घातले नव्हते. मोजे लॉकरमध्ये घडी घालून ठेवलेले. हे नाना स्वतःच सांगायचे, हसत हसत. पण त्यांना दवाखान्यात रवाना केलं आणि फोरमनने लगेच वही उघडली. किती वाजता, कुठे, कोणतं काम चालू होतं, सोबत कोण होतं. ड्युटीवर असताना दुखापत. मग सिक मेमो (दवाखान्यासाठीची चिठ्ठी), रेल्वेचा दवाखाना, आणि बोटं बरी होईपर्यंत पगार चालू. मोज्यांवरून नानांना बोलणी बसली, चौकशीही झाली. पगाराला मात्र कुणी हात लावला नाही. आई रडली ती बोटांसाठी, किराण्यासाठी नाही.

म्हणून मी त्या पोराला पहिलं हेच विचारलं, "हबवर कुणी लिहून घेतलं का?" हब म्हणजे पार्सलं जिथून वाटायला निघतात ती जागा. त्याला प्रश्नच कळला नाही. "लिहून काय घ्यायचं ताई? टीएलला (टीम लीडरला) फोटो टाकला व्हॉट्सॲपवर. त्यानं अंगठा दिला."

अंगठा!! हाड मोडल्याचा फोटो बघून अंगठा.

सगळं ऐका. वरणगावकडच्या पार्सलांचा लोड होता. सर्व्हिस रोडला खडी सांडलेली, पाठीवर ती अवाढव्य बॅग, पुढे पायांत आणखी खोके. वळताना गाडी सरकली. हेल्मेट होतं, म्हणून डोकं शाबूत. फोन केल्यावर हबवरून माणूस आला, खोटं कशाला बोलू. पण बॅग न्यायला आला, आणि सीओडीची, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकांनी दिलेली, रोकड मोजून घ्यायला. दवाखान्यात याला एका रसवंतीवाल्याने नेलं. एका खोक्यातली मिक्सरची भांडी फुटली होती, त्याचे पैसे हिशेबातून कापले. म्हणजे मिक्सरला काय लागलं याची नोंद झाली बघा. लिहून ठेवायचं त्यांना येतं तर.

हो, पोरं जोरात चालवतात. राँग साइडने येतात, कानात फोन असतो, माझ्या नातवाला एकदा जवळजवळ धडकच बसली होती. मान्य. पण पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या माणसाने सावकाश जायचं म्हणजे स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यायचा. लोड कोण ठरवतं? पाठीवर किती वजन लादायचं ते कोण ठरवतं? ४५ डिग्रीत दुपारी बारा ते चार जायचं की नाही, हे काय तो ठरवतो? आणि चूक असलीच समजा. नानांची नव्हती का? मोजे लॉकरमध्ये होते!

आता कुणीतरी कमेंटमध्ये विम्याचं काढेल, म्हणून आधीच सांगते. ॲपमध्ये कुठेतरी विमा आहे म्हणे. याला सांगितलं की ॲडमिट झाला असतास तर बघितलं असतं, नुसत्या प्लास्टरला मिळत नाही. गाडीचा विमा? थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याला लागलं तर. चालवणाऱ्यासाठी जो १५ लाखांचा असतो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, आणि तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. गाडी याच्या वडिलांच्या नावावर आहे. पेट्रोल याचं, टायर याचे, हाडंही याचीच. कंपनीचं काय, तर टी-शर्ट.

जावयाने मघाशी फोनवर कायदा समजावला. कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, मालकाची चूक होती हे कामगाराने सिद्ध करत बसायचं नाही, हा कायदा १९२३ चा होता. इंग्रजांचा! त्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ॲपवर काम करणाऱ्यांचा पहिल्यांदा उल्लेख आला. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतले १ ते २ टक्के एका निधीत टाकायचे, ते पण या पोरांना जेवढे पैसे देतात त्याच्या ५ टक्क्यांच्या वर जायला नको. त्या निधीतून अपघात विमा वगैरे योजना. काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं, एवढं म्हणते. पण त्याच संहितेत ही माणसं मालक-नोकर या नात्याच्या बाहेरची धरलीत. मग मालकाने भरपाई द्यायची तर मालक आणायचा कुठून? योजना सरकारची, निधी सगळ्यांचा, आणि हबवर ज्याने सकाळी लोड वाटला तो हात झटकून मोकळा.

आमच्या पोराचं तर आणखी अवघड. पैसे व्हेंडर, म्हणजे मधला ठेकेदार, टाकतो, ॲप कंपनीचं, आणि कागद एकही नाही. आपण नक्की कुणाचे माणूस हेच त्याला माहीत नाही. जावई म्हणतात, यातच कदाचित वाट आहे. व्हेंडरचा कामगार ठरला तर भरपाई मागता येईल.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. समोरच्या भाऊंवर खरं तर राग नाही, त्यांचाही जन्म रेल्वेत गेला. म्हणूनच जास्त लागलं. वही, मेमो, दवाखाना, पगार, हे सगळं त्यांना आयतं मिळालं. त्यासाठी लाल झेंडे घेऊन कोण गेटवर बसलं होतं ते विसरले. नाना बसायचे. आणि हो, रेल्वेतही आता ठेकेदाराची माणसं आहेत, त्यांचं कोण लिहितं देव जाणे. तेवढं मला ऐकवू नका, माहीत आहे.

मी काही फार मागत नाहीये. हबवर एक वही असावी. माणूस पडला की त्यात लिहावं, सही करावी, त्याला एक प्रत द्यावी. हाड जुळेपर्यंत आयडी चालू राहावा आणि रोजचे निदान निम्मे पैसे पडावेत. पार्सल कुणाचं आहे हे खोक्यावर एवढं मोठं छापलेलं असतं, मग माणूस कुणाचा हे शोधायला वकील का लागावा?

पण लागतोय. म्हणून ही पोस्ट. भुसावळ किंवा जळगावात कामगारांच्या भरपाईचे दावे चालवणारे कुणी वकील ओळखीचे असतील तर नंबर इनबॉक्स करा. फीचं मी बोलून घेईन. पोराचं नाव इथे विचारू नका, आयडी जाईल त्याचा. आयडी बंद झाला की ॲप उघडत नाही, म्हणून आज दारातच त्याच्याकडून अपघाताच्या दिवसाच्या रनशीटचे, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांच्या यादीचे, स्क्रीनशॉट काढून घेतले. एक्स-रे, केसपेपर आणि टीएलच्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट पण आहे. रसवंतीवाला साक्ष द्यायला तयार आहे, त्याला पोराचा धाकटा भाऊ जाऊन विचारून आला.