७२० फुटाचं घर आणि ११०५ फुटाचं छप्पर : विश्रामबागकरांच्या कमेंटला उत्तर

विश्रामबागकर साहेब, कमेंट वाचली. राग आहे पण मुद्देही आहेत, त्यामुळे "धन्यवाद, बघतो" म्हणून सोडत नाही, नीट लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. साताऱ्याकडच्या एका जुन्या दुपाखी कौलारू घराचं छप्पर बदलायचा अंदाज कसा काढायचा ते मी मागच्या लेखात दिलं होतं. साहेबांचं म्हणणं असं, की ७२० फुटाच्या घराला ११०५ फूट छप्पर धरून मी मिस्त्री लोकांना रान मोकळं करून दिलं. लाकडाचा आकडा "उघडल्यावर कळेल" म्हणून सोडला ती पळवाट. त्यांच्या मेव्हण्यानं न्यू जर्सीला शिंगलचं (डांबरी पट्ट्यांचं) छप्पर बदललं तर तिथं एका कागदावर एक आकडा मिळाला. आणि शेवटी, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पत्रा मारा, निम्म्यात होतंय.

पहिलं फुटाचं बघू. घर बाहेरून ३० बाय २४, म्हणजे ७२०, मान्य. पण छप्पर भिंतीपाशी थांबत नाही ना. वळचण पुढं-मागं अडीच अडीच फूट बाहेर आहे, बाजूच्या त्रिकोणी भिंतींवरून दीड दीड फूट, म्हणजे जमिनीवर सावली पडेल तीच ३३ बाय २९ ची, ९५७ फूट. त्यात ते उतरतं, साधारण ३० अंशात, त्यामुळं वळचणीपासून आढ्यापर्यंत (छपराच्या शेंड्यापर्यंत) टेप धरला की साडेचौदाच्या जागी पावणेसतरा फूट भरतात. पावणेसतरा गुणिले ३३ गुणिले दोन पाखं (उतरत्या बाजू). झाले ११०५. यात मिस्त्रीचं काय भलं केलं मी?

उलट नुकसान कुठं होतं बघा. समजा मिस्त्री म्हणाला "फुटाला दीडशे". तुम्ही घरी बसून ७२० ला गुणलं, १ लाख ८ हजार. त्यानं वर चढून मापलंय, त्याचे होतात १ लाख ६५ हजार ७५०. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत आणि भांडण होणार अर्धी कौलं उतरल्यावर, वर आभाळ उघडं असताना, मग तुम्ही काय बोलणार? म्हणून रेट विचारायच्या आधी "फूट म्हणजे पाखावरचा की जमिनीवरचा" हे लिहून घ्या असं मी म्हणत होतो. (दीडशे हा आकडा हिशेबापुरता आहे, उद्या कुणी मिस्त्रीला जाऊन सांगू नका की ब्लॉगवर दीडशे लिहिलंय.)

एकदा ११०५ हातात आले की बाकीची मापं आपोआप निघतात. मंगलोरी कौल ब्रासला (१०० चौरस फुटाला) दीडशेच्या आसपास धरायचं, ११ ब्रासला सोळाशे-साडेसोळाशे, फुटतूट धरून सतराशे मागवा. आढ्यावरचे कोने (शेंड्याची फट झाकणारी कौलं) अठ्ठावीस-तीस. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) साडेबारा इंचावर धरल्या तर एका पाखाला सतरा ओळी, दोन पाखं मिळून अकराशे रनिंग फूट. आणि एक कौल अडीच किलोचं धरलं तरी सगळा माल चार टन, म्हणजे छोट्या हत्तीच्या (छोट्या टेम्पोच्या) पाच-सहा खेपा. कोटेशनमध्ये "वाहतूक वेगळी" अशी बारीक ओळ असते ती कितीला पडते ते इथं कळतं, आणि गाडी दारापर्यंत जात नसेल तर हमाली वेगळी.

"निम्मी कौलं चांगली आहेत, फुटलेली तेवढी बदला की" असंही तुम्ही लिहिलंय. ऐकायला बरोबर वाटतं, पण एका कंपनीच्या कौलाची खाच दुसऱ्या कंपनीच्या कौलात बसेलच असं नाही, जुनं नवं मिसळलं की फट राहते आणि पाऊस बरोबर तिथनंच आत येतो. करायचंच असेल तर उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला, आणि जी टिकतील ती सगळी एकाच पाखावर लावा, दुसऱ्या पाखाला सगळी नवी. नवी कौलं घेताना आधी चार-पाच आणून रिपांवर मांडून बघा, कारण अंतर अर्ध्या इंचानं जरी बदललं तरी सगळ्या रिपा उचकटून परत ठोकाव्या लागतात, आणि ही मजुरी कुणाच्याच अंदाजात नसते.

आता लाकूड. याला तुम्ही पळवाट म्हणालात, मला तर सगळ्या अंदाजात हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. खालून बघितलं की वासे मस्त दिसतात, धुरानं काळे झालेले, एकदम टणक. पण वाशाचं जे टोक भिंतीत गेलंय ते दिसत नाही, आणि पाणी तिथंच मुरतं, वाळवीही भिंतीतनं तिथंच चढते. एका घरात आम्ही वासा भिंतीत शिरतो तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर लावायची गरजच पडली नाही, मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा. हातभर अलीकडं तोच वासा ठोकून बघितला तर ऐकत नव्हता. हे छप्पर उघडायच्या आधी कोण आकड्यात सांगणार? जो सांगतो त्यानं सगळे वासे गेलेत असं धरून पैसे लावलेत, नाहीतर एकही गेला नाही असं धरून काम घेतलंय आणि नंतर वाढवणार आहे. त्यापेक्षा एका वाशाचा रेट आधी ठरवा, लाकूड कुठलं, किती बाय किती, बसवून किती, आणि जेवढे बदलतील तेवढ्याचे पैसे. आकडा मोकळा राहतो पण रेट बांधलेला असतो.

आणि गंमत म्हणजे तुमच्या मेव्हण्याच्या कागदातही हेच आहे. तुम्हीच कमेंटमध्ये उतरवलंय ते: २४ स्क्वेअर, जुने दोन थर काढणे, आणि खाली "प्लायवूड खराब निघाल्यास शीटमागे वेगळा दर". ही ओळ परत वाचा. तिकडचा स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, आपला ब्रासच झाला, आणि तोही उतारावर मोजलेला. शिंगलचे साधारण तीन गठ्ठे म्हणजे एक स्क्वेअर, म्हणून तिकडं मालाचा हिशेब पटकन होतो. पण शिंगलखालची फळी कुजली आहे का हे त्यांनाही उघडल्याशिवाय कळत नाही. एक आकडा नव्हता तो साहेब, एक आकडा आणि एक मोकळी ओळ होती.

तेच शिंगल इकडं आणू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पाचगणी-महाबळेश्वरला बंगल्यांवर, रिसॉर्टवर दिसतात, छान दिसतात, वजनालाही हलके. पण शिंगलला खाली सलग पाया लागतो, प्लाय नाहीतर उतरता स्लॅब. रिपांवर ते बसत नाहीत. म्हणजे तुमच्या जुन्या वाशांवर आधी अकरा ब्रास चांगला प्लाय, त्यावर वॉटरप्रूफ थर, मग शिंगल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं कुठं एक खिळा चुकला तर पाणी प्लायमध्ये शिरून बसतं आणि आत ठिपका दिसेपर्यंत प्लाय फुगलेला असतो. कौल सरकलं तर निदान त्याच दिवशी ताटात थेंब पडतो. शिंगलचा एक फायदा मात्र मानायला पाहिजे, वानरांच्या उड्यांनी ते फुटत नाहीत.

पत्र्याबद्दल मी विरोधात नाही, तसं तुम्हाला का वाटलं कळलं नाही. चार टन कौलांच्या जागी पत्रा अर्ध्या टनाच्या आत बसतो. पाटण-कोयना भागात दगड-मातीच्या भिंती असतील, त्यात तडे असतील, तर मी स्वतः कौलाऐवजी पत्राच सांगेन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात असलीच घरं कोसळली, डोक्यावर वजन जितकं कमी तितकं बरं. पण जत-आटपाडीच्या उन्हात पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा, आणि खाली सिलिंग, वर लोखंडी पाइपचा सांगाडा, पत्रा उडू नये म्हणून भिंतीत घेतलेले बोल्ट हे सगळं मांडा, मग निम्म्यात होतंय का ते सांगा. नुसत्या पत्र्याची तुलना अख्ख्या कौलारू छपराशी करून चालत नाही.

जुना माल कुणाचा, हे मात्र तुम्ही विचारलंच नाही. "उतरवणी फुकट करून देतो, जुना माल आमचा" असं कुणी म्हणालं की लगेच हो म्हणू नका. जुन्या घरात सागाचा आढा, चांगले वासे निघतात, त्याला गिऱ्हाईक आहे, आणि कधीकधी त्या फुकट उतरवणीपेक्षा लाकडाचीच किंमत जास्त भरते. काय निघालं ते मोजून, लिहून, फोटो काढून आपल्या अंगणात ठेवा, द्यायचं का नाही ते नंतर बघता येईल.

तुमचं शिराळ्याकडचं घर यंदा करायचं म्हणताय तर दिवाळी झाली की हात घाला. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि तेव्हा सगळ्यांनाच मिस्त्री पाहिजे असतो. तिकडं गेलात की तीन गोष्टी घेऊन या: वळचणीपासून आढ्यापर्यंतची टेपची लांबी, आढ्याची लांबी, आणि चारही कोपऱ्यात वासे भिंतीत शिरतात तिथले फोटो. इथंच कमेंटमध्ये टाका, कौलं, रिपा, कोने सगळं मोजून देतो, रेट तुमच्या गावचा तुम्ही घाला.