उत्क्रांती कोणी बघितली? मामा, तुम्ही बघितलीय

परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. मजकूर साधारण असा की अमेरिकेनं कायदा करून शाळेतून डार्विन काढला, आता एनसीईआरटीनंही खोटा ठरला म्हणून काढला, थिअरी म्हणजे नुसता अंदाज, माकडाचा माणूस होताना कोणी बघितलाय, मुलांना दोन्ही बाजू शिकवा. एरवी मी असलं सोडून देते, पण माझी मुलगी सीबीएसईला दहावीत आहे, तिनं रात्री विचारलं, "आई, खोटं होतं म्हणून पुस्तकातून काढलं का गं?" आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी अमेरिका. उत्क्रांती शिकवायला बंदी करणारा कायदा होता, टेनेसी राज्यात, १९२५ चा. त्याच वर्षी एका शिक्षकाला त्याखाली १०० डॉलर दंड सुनावला. १९६७ ला टेनेसीनंच तो कायदा रद्द केला आणि १९६८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अर्कान्सास राज्याची तशीच बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे फॉरवर्ड पन्नासेक वर्षं मागे आहे. एक मात्र मान्य करते, लुइझियानात २००८ ला आणि टेनेसीत २०१२ ला असे कायदे झालेत की शिक्षकांना वर्गात उत्क्रांती, ग्लोबल वॉर्मिंग वगैरेची 'चिकित्सा' करायची मोकळीक मिळते. मला ते पटत नाहीत, मागच्या दारानं काहीही वर्गात शिरू शकतं. पण डार्विन काढा असं त्यातही लिहिलेलं नाही.

'दोन्ही बाजू' हे ऐकायला छान वाटतं म्हणूनच जास्त घातक. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळा मंडळानं हेच केलं, नववीच्या मुलांना उत्क्रांती शिकवायच्या आधी एक निवेदन वाचून दाखवायचं की ही फक्त थिअरी आहे, 'इंटेलिजंट डिझाइन'चं, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान शक्तीनं घडवले असं सांगणारं पुस्तकही बघा. पालक कोर्टात गेले. २००५ चा तो १३९ पानांचा निकाल नेटवर आहे, जमलं तर वाचाच. त्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. १९८७ ला सुप्रीम कोर्टानं शाळेत सृष्टिनिर्मितीवाद, म्हणजे सगळं देवानं निर्माण केलं हे मत, शिकवायला लावणारा कायदा रद्द केल्यावर लेखकांनी 'क्रिएशनिस्ट्स' (सृष्टिनिर्मितीवादी) खोडून 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' (डिझाइनचे समर्थक) घातलं होतं, आणि एका जागी खोडाखोड अर्धवट राहून 'सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स' असा शब्द तयार झाला होता. दुसरी बाजू म्हणजे जुन्याच धार्मिक मजकुराला नवं नाव. न्यायाधीश रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले, तरी त्यांनी हे विज्ञान नाही असं स्पष्ट लिहिलं.

आता एनसीईआरटी, म्हणजे पाठ्यपुस्तकं काढणारी केंद्राची संस्था. तिनं दहावीतला उत्क्रांतीचा भाग खोटा म्हणून काढलाच नाही, कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करतोय एवढंच कारण दिलं. बारावीच्या बायोलॉजीत तो आहे, हेही खरं. पण माझ्या मुलीला कॉमर्सला जायचंय, तिला तो कधीच भेटणार नाही. २०२३ ला १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं ते याच काळजीनं.

थिअरीचं म्हणाल तर जंतूंमुळे रोग होतात हीसुद्धा थिअरीच आहे, हात धुणं आपण सोडत नाही. आणि आजच्या माकडापासून माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही, चुलत बहिणीपासून मी जन्मले नाही, आमचे आजोबा एक, तसं आहे ते.

पण 'कोणी बघितलंय?' हा प्रश्न मामांनी टाकावा याचं मला फार वाईट वाटलं. २०१८ ला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत हेच बोलले होते, देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून ते खोडून काढलं. पण मामा, तुम्ही तर २०१७ ला स्वतःच्या वावरात बोंड फोडून मला दाखवलं होतं, आत गुलाबी अळी आणि सरकी पोखरलेली. बीटी कापूस, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष असलेला, आला तेव्हा हीच अळी त्यानं मरत होती. "औषधाची सवय झाली तिला," तुम्ही म्हणालात. सवय नाही हो. लाखोंमध्ये मोजक्याच अळ्या जन्मतःच अशा होत्या ज्यांना ते विष बाधत नव्हतं, बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लं वाढली, आणि काही वर्षांत सगळं वावर त्यांचंच झालं. हीच उत्क्रांती, आपल्या डोळ्यांदेखत झाली.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची साध्या, बिगर-बीटी बियाण्याची पिशवी मिळायची, आठवते? कडेनं पेरायला. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष न बाधणाऱ्या त्या चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळावेत आणि चिवटपणा पसरायला वेळ लागावा म्हणून. बहुतेकांनी पेरलीच नाही, कारण ती कशाला हे कुणी धड समजावलंच नव्हतं.

दिवाळीत मुलीला घेऊन येते. तिला डोमकळी, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेलं फूल, दाखवा, बोंड फोडून दाखवा, आणि त्या पिशवीचं तुम्हीच सांगा.