‘टीव्हीवर चालतं, प्लेस्टेशनवर नाही’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. तरी सविस्तर उत्तर देतो, कारण हीच अडचण घेऊन मिरज-कुपवाडहूनही माणसं दुकानात येतात.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून घरी मीडिया सर्व्हर (व्हिडिओ-फोटो साठवून घरातल्या नेटवर्कवरून टीव्हीला पुरवणारं यंत्र) बसवला. हॉलमधल्या टीव्हीवर सगळं लागतं. मुलाच्या खोलीतल्या प्लेस्टेशन ४ वर मात्र कधी सर्व्हरच सापडत नाही, सापडला तर लग्नाचे व्हिडिओ उघडत नाहीत, काही पिक्चरला चित्र आहे पण आवाज नाही. आम्ही ‘कन्सोलमुळे होतंय’ म्हणून हात झटकले. सबब सर्व्हर परत घ्या, पैसे द्या.

पैसे परत देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. हॉलमध्ये जो सर्व्हर रोज चालतोय तो बिघडलेला नाही. कोटेशनमध्ये दोन पर्याय होते: चालू व्हिडिओ तिथल्या तिथे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देऊ शकेल असा इंटेल प्रोसेसरचा, आणि फक्त फाइल आहे तशी पाठवणारा स्वस्तातला. दुसरा घेतलात. त्यात वावगं काही नाही, बहुतेक घरांना तेवढा पुरतो. पण त्याच्याकडून पहिल्याचं काम होणार नाही, आणि कोटेशनवर तसं लिहिलेलंही आहे.

आता लग्नाचे व्हिडिओ. ते आयफोनवर काढलेले आहेत. २०१७ पासून आयफोन व्हिडिओ मुळातच एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमध्ये साठवतो, कारण त्यात जागा कमी लागते. तुमच्या टीव्हीला एचईव्हीसी कळतं. प्लेस्टेशन ४ च्या मीडिया प्लेअरला कळत नाही, तो एच.२६४ या आधीच्या फॉरमॅटपर्यंतच. आवाजाचंही तसंच. एएसी, एमपीथ्री, एसी-थ्री हे आवाजाचे फॉरमॅट त्याला चालतात, डीटीएस हा चालत नाही, आणि तुमचे मुके पिक्चर तपासले तर सगळे डीटीएसवाले निघाले. ‘मोबाईलवर तर लागतं’ असं लिहिलंय तुम्ही. मोबाईलवर व्हीएलसी हे प्लेअर ॲप आहे, ते जवळपास सगळे फॉरमॅट उलगडायची सोय स्वतःबरोबर घेऊन येतं. प्लेस्टेशनवर ते मिळत नाही.

तुमच्या भाच्याने एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलींची नावं बदलून शेवटी एमपी४ केलं, असं आमच्या टेक्निशियनला दिसलं. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतली भाजी बदलत नाही. शिवाय प्लेस्टेशन ४ ला एमकेव्ही चालतोच, त्यामुळे ती मेहनत फुकट गेली. कृपया नावं पूर्ववत करा, नाहीतर पुढे कुठली फाइल कसली ते आम्हालाही ओळखू येणार नाही.

‘खोक्यावर डीएलएनए लिहिलंय, मग सगळं चाललंच पाहिजे’ हा तुमचा मुद्दा पुष्कळ जण मांडतात. डीएलएनए म्हणजे घरातली टीव्ही, सर्व्हर वगैरे यंत्रं नेटवर्कवर एकमेकांशी जुळावीत म्हणून नियम ठरवणारी संघटना; सोनी, इंटेल वगैरे कंपन्यांनी ती २००३ मध्ये काढली. घरातल्या यंत्रांसाठी तिने सक्तीचे केलेले फॉरमॅट अगदी मोजके: फोटोला जेपेग, आवाजाला एलपीसीएम, व्हिडिओला एमपेग-२. बाकी सगळं ऐच्छिक. म्हणजे त्या चिन्हाचा अर्थ ही यंत्रं एकमेकांना ओळखतील, इतकाच. समोरच्याची प्रत्येक फाइल वाजवतील असा नाही. संघटना स्वतःच २०१७ मध्ये गुंडाळली गेली, पण चिन्ह अजून खोक्यांवर आहे. माझ्या मते ग्राहकाची सगळ्यात जास्त दिशाभूल त्या चिन्हाने केली.

कन्सोलवाल्यांचं तर विचारूच नका. प्लेस्टेशन ३ ला घरच्या सर्व्हरवरून फाइल लावायची सोय २००७ च्या अपडेटने मिळाली. ४ बाजारात आला २०१३ मध्ये, तेव्हा ती गायब होती. २०१५ च्या जूनमध्ये मीडिया प्लेअर देऊन परत आणली. ५ मध्ये पुन्हा नाही. एक्सबॉक्स ३६० च्या काळात तर सर्व्हरला आपण विंडोजचाच सर्व्हर आहोत असं सोंग घ्यावं लागायचं, तेव्हा कुठे तो यादीत दिसायचा. म्हणून ‘आता ५ घेतो म्हणजे कटकट संपेल’ असं जे लिहिलंय, त्याची घाई करू नका. त्यावर प्लेक्स या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं ॲप मिळतं, पण मग सर्व्हरवरही प्लेक्स लागेल.

सर्व्हर ‘कधी दिसतो, कधी नाही’ याचं कारण मात्र तुमच्या घरात आहे. आम्ही बसवून गेल्यावर तुम्ही फायबरचं नवीन कनेक्शन घेतलं. त्यांनी आपला राउटर लावला आणि तुमचा जुना राउटर त्याच्यामागे तसाच जोडून ठेवला. घरात आता दोन वेगळी नेटवर्क आहेत. सर्व्हरची वायर जुन्यात आहे. प्लेस्टेशन सर्व्हर शोधताना २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर हाक मारतं आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. मुलगा जुन्या वायफायवर असला की सर्व्हर दिसतो, नव्यावर गेला की नाही. जुन्या राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करून तो नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नव्याच नेटवर्कचं वायफाय पुढे देणारा, म्हणून वापरला की हे संपलं. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेणार नाही. मुलाचं प्लेस्टेशन पहिल्या मॉडेलचं आहे, त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच, म्हणजे संथ पट्ट्यावरचं वायफाय लागतं. जमलं तर त्या खोलीपर्यंत केबलच ओढून घ्या.

फाइलींसाठी दोन मार्ग आहेत. एक, लग्नाचे व्हिडिओ हँडब्रेक या फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एच.२६४ आणि एएसीत काढून घ्यायचे, १०८० रिझोल्यूशनला; मूळ फाइली तशाच जपून ठेवायच्या. हँडब्रेक फुकट आहे, मुलाला जमेल. त्याच्या लॅपटॉपला झेपत नसेल तर दुकानातल्या पीसीवर रात्रभर लावून देतो, चार्ज दुकानात सांगेन. दुसरा मार्ग, आणि मी स्वतः हाच निवडेन: त्या खोलीतल्या टीव्हीला एचईव्हीसी चालणारी अँड्रॉइड स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायचं छोटं यंत्र) लावा, तीन-चार हजारांत मिळते, त्यावर व्हीएलसी टाका. प्लेस्टेशनवर मुलाला गेम खेळू द्या. स्टिक आमच्याकडूनच घ्या असं नाही, गणपती पेठेत कुठेही मिळेल.

वहिनींनी मराठी सबटायटलच्या जागी चौकोन येतात म्हणून फोनवर विचारलं होतं, तेही स्टिकवर बघू. तिथे देवनागरी फॉन्ट असतो.

रविवारी दुकान बंद असतं. सोमवारनंतर संध्याकाळी मुलगा घरी असेल त्या वेळेचा फोन करा, टेक्निशियन पाठवतो. नव्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड फायबरवाल्यांकडून आधी मागून ठेवा, तो नसेल तर त्याची खेप वाया जाईल.