भीती गेली की येईन म्हणणाऱ्यांसाठी

चढाई शिकायला लागल्यापासून ओळखीचे लोक हमखास विचारतात, "तुला भीती नाही वाटत?" वाटते की! कड्याच्या मध्यावर पाय लटपटतात, तोंडाला कोरड पडते. तरीही घरी पोचते न पोचते तोच पुढच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. त्यावर दुसरं ठरलेलं वाक्य येतं, "माझी भीती गेली की मीपण येईन." म्हणून हे लिहायला घेतलं. भीती आधी जात नाही हो. आणि ती पुरती जावी असं मला वाटतही नाही.

लांबून बघणाऱ्याला चढाई म्हणजे दंडातली ताकद वाटते. शिकवणारे मात्र पहिल्या दिवसापासून पायांकडे बघायला लावतात. दोन हात, दोन पाय. त्यातले तीन खडकावर पक्के आणि एकच हलवायचा. हात शक्य तितके सरळ, कारण वाकवलेल्या हातावर लटकलं की स्नायू लगेच भरून येतात. पण मला या सगळ्याचं वेड लागलं ते एका उलट्या गमतीमुळे. घाबरलेला माणूस कड्याला पोटाशी धरतो. तिरक्या कातळावर असं चिकटलं की बुटांवरचा दाब कमी होतो आणि पाय सटकतात. अंग दगडापासून थोडं लांब घेतलं, वजन सरळ पायांवर टाकलं, की मघाशी घसरत होता तोच बूट तिथेच घट्ट धरतो! म्हणजे भीती सांगते त्याच्या नेमकं उलट करायचं, तेही भीती वाटत असताना. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. खालून दोर सांभाळणारी मैत्रीण काळजीने विचारत होती, "अगं, बरी आहेस ना?"

दोराबद्दलही थोडं सांगते. १४ जुलै १८६५ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर पहिल्यांदा सात माणसं पोचली. उतरताना त्यांच्यातला सगळ्यात नवखा, एकोणीस वर्षांचा हॅडो घसरला, त्याच्यासोबत आणखी तिघे ओढले गेले, दोर तुटला आणि चौघेही गेले. आजचा चढाईचा दोर नायलॉनचा असतो, आत गाभा आणि वर विणलेलं कवच. पडणाऱ्याला जोराचा हिसका बसू नये म्हणून तो ताणला जाईल असाच बनवतात. एवढा भरवशाचा दोरही गाठीशिवाय कुचकामी. लिन हिलसारखी जगातली अव्वल क्लाइंबर १९८९मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २२ मीटरवरून पडली, कारण गाठ पूर्ण बांधायची राहून गेली होती. झाडामुळे वाचली. पुढे १९९३मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरचा 'द नोज' हा मार्ग फक्त हातापायांच्या जोरावर, दोर केवळ पडलोच तर म्हणून ठेवून, सगळ्यांत आधी तिनेच चढला.

म्हणून चढण्याआधी जोडीदाराने एकमेकांची गाठ, हार्नेसचं म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचं बक्कल, कॅरॅबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं लॉक तपासायचं असतं, रोजच्या रोज, कितीही अनुभव असला तरी. भीती असलेली माणसं हे नीट करतात. बेफिकीर माणसाच्या हाती माझा दोर द्यायला मी तयार नाही, मग तो कितीही भारी चढो.

उंच पर्वतांची गोष्ट आणखी वेगळी. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि तिथे तब्येतीची घमेंड चालत नाही. धडधाकट तरुण घाईघाईने वर जातात आणि डोकं धरून बसतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं सांगतात ते उगाच नाही.

राग येतो तो एका गोष्टीचा. एका शिबिरात अर्ध्यातून खाली आलेल्या मुलाला बाकीच्यांनी हुर्यो करून चिडवलं आणि शिकवणारे हसत उभे राहिले. तो मुलगा पुन्हा काही आला नाही. शिखरावर हात पसरलेले फोटो सगळेच टाकतात. अर्ध्यातून परतल्याचा फोटो कोण टाकतं?

तेव्हा तुम्ही घाबरत असाल तर खुशाल या. पहिल्या दिवशी दोर वरून लावलेला असेल अशीच चढाई मागा. आणि दोरात अडकण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, मध्येच खाली यावंसं वाटलं तर काय करायचं? "काही होत नाही, चढ तू!" एवढंच उत्तर आलं, तर सरळ दुसरा शिकवणारा शोधा.